उचलीन, पण लावणार नाही

—हं, तेच. टीव्हीच्या बाजूचं पांढरं डबडं. तेच काढून न्यायचंय ना तुम्हाला? चपला राहू द्या हो पायात, फरशी पुसायचीच आहे अजून. अर्जुनराव खाली दूध आणायला गेलेत, येतील इतक्यात. मी म्हटलं माझ्या घरचं देते, तर नाही! माणूसच तसा आहे — घरी कुणी कामाला आलं की चहा पाजल्याबिगर सोडायचा नाही, मग तो आपला फोन तोडायला का आलेला असेना. मी? मी शेजारची, सुमन. भिंतीला भिंत आमची. त्यांची किल्ली माझ्याकडंच असते. तुम्ही कुठले, दादा? बोलण्यावरून तिकडचे वाटता... परभणी? बघा, मी म्हणतच होते! माझं माहेर लातूरकडचं. लग्न झालंय का? नाही, आपलं सहज विचारलं. चिखलीत कारखान्यांपायी सगळे बाहेरचेच भेटतात, कुणी आपल्याकडचं भेटलं की बरं वाटतं जिवाला.

बिघडलंय का म्हणताय? काय की बाई. वाजत नाही एवढं खरं. ते म्हणाले, ताई, तेवढं ऑफिसात कळवा, येऊन घेऊन जा म्हणावं, मला आता त्याचं काम नाही. मोबाइल ते वापरत नाहीत — खिशात वाजणारं काही नको म्हणतात. आधी साधा फोन होता, तांब्याच्या तारेचा. ड्रेनेजसाठी रस्ता खोदला तेव्हा ती तार तुटली. तुमच्या लोकांनी मग ही काचेची वायर टाकली, हे डबडं लावलं आणि जुना फोन त्याच्या पाठीमागं खोचून दिला. नंबर तोच ठेवा, एवढं एकच सांगणं होतं अर्जुनरावांचं. चारचारदा विचारलं त्या माणसाला — नंबर तोच राहील ना? का, तर दीपमालेला तोच पाठ आहे.

दीपमाला म्हणजे लेक त्यांची. एकुलती. तिच्या कंपनीतल्याच एका पोरावर जीव जडला, रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला हो, मी फोटो बघितलाय, पण जात दुसरी. अर्जुनराव म्हणाले, माझ्या दारात यायचं नाही. संपलं. ओरडले नाहीत, काही नाही, भाकरी पुढं ओढली आणि जेवले. शालनवहिनी, त्यांची बायको, मग चोरून बोलायच्या लेकीशी. अर्जुनरावांची सेकंड शिफ्ट असली की ह्याच फोनवर. भिंतीतून हसणं ऐकू यायचं मला. गेल्या साली वहिनी गेल्या, तेव्हा पोर घाटावर आली होती. लांब उभी. ह्यांनी मान वर करून बघितलं नाही. मी बघितलं, मी जाऊन पोटाशी धरलं तिला, नंबर घेतला तिचा. राहवत नाही ना मला. लोक म्हणतात सुमनला चौकशा फार. असू दे. चौकशा केल्या म्हणून तर दोघांच्या मध्ये एक माणूस उरलं.

थांबा, ते टेबल सरकवते, हात पोचणार नाही तुमचा.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं तसा हा माणूस विरघळायला लागला. एकदा दळण आणलं मी त्यांचं, तर दारातच म्हणाले, ‘ताई, तिचा फोन आला तर मी उचलीन.’ मी म्हटलं, मग लावा की, मी देते नंबर. तर म्हणाले, ‘उचलीन, पण लावणार नाही.’ बापाचा ताठा! मी म्हटलं, बरं, माझ्या मोबाइलवर बोला, आत्ता लावते. तर म्हणे, दुसऱ्याच्या फोनवर काय पोरीशी बोलायचं, तिच्या आईच्या फोनवर बोलीन. झालं, मी तिला कळवलं. रडलीच ती. म्हणाली, ‘काकू, बाबांनी मला नुसतं ये म्हणू दे, मी आईच्या श्राद्धाला येते, ह्यांना पण आणते. नाही उचलला तर मी समजेन काय समजायचं ते.’ दिवेलागणीला फोन करते म्हणाली.

आणि दादा, हा माणूस दिवेलागणीला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा हो त्या खुर्चीवर! दाढी करून! जसं काय फोनातून दिसणार होतं. माझ्या गॅलरीच्या ग्रिलमधून सरळ ही खुर्ची दिसते — बघायला म्हणून नाही, दिसते आपली. ती फोन लावायची आणि मग मला मोबाइलवर विचारायची, ‘काकू, बाबा घरात नाहीत का? रिंग जातेय, उचलत नाहीत.’ मी ग्रिलपाशी जाऊन बघून सांगायची तिला — आहेत गं, फोनपाशीच बसलेत. रोज तेच. रोज मी आपली डोळ्यांनी बघून सांगायची, खोटं कशाला सांगू? खाली गाळ्यात लेथ चालू असतं त्या वेळेला, इकडं कुकर, घंटी वाजली न वाजली कुणाला कळतंय. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, ‘कुठं वाजतोय?’ मला वाटायचं सोंग करतात. ऐन वेळेला ताठा आला असंल परत. चिडले मी त्यांच्यावर. दोन दिवस बोलले नाही.

नाही आली ती. श्राद्धाला खीर, वडे, अळूची भाजी, सगळं मीच रांधलं. ह्यांनी एक ताट वाढून झाकून ठेवलं. मी विचारलं नाही कुणाचं. अंधार पडला तसं उचललं आणि खाली गाईला घालून आले. दुसऱ्या दिवसापासून शर्ट नाही, खुर्ची नाही.

तिचा शेवटचा मेसेज आला होता मला. नवऱ्याला बाहेरदेशी काम लागलंय, आम्ही जातोय, काकू, तुम्ही खूप केलंत. कुठला देश तेही लिहिलं नाही. तेव्हापासून मी काही पाठवलं की एकच टिक येते. एकच. दुसरी येतच नाही. सासरचं गाव मागं एकदा विचारलं होतं मी, मी कसली सोडतेय, तर हसली. म्हणाली, ‘ते बाबा विचारतील तेव्हा सांगीन.’

...हे काय, लाइट लागला? हिरवा? तुम्ही काय केलंत? भिंतीतलं बटण दाबलंत फक्त?

अहो ते बंदच असतं. कंपनीत प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आयुष्य गेलं त्यांचं. शिफ्ट सुटली की मशीनचा मेन स्विच आधी बंद, मग हात धुवायचे. कुणीतरी एकदा मेन चालू ठेवून गेलं आणि ह्यांच्या जोडीदाराची बोटं गेली. डोळ्यासमोर. तेव्हापासून घरात कसलंच बटण चालू ठेवत नाहीत. पंखा, मिक्सर, सगळं भिंतीत बंद. एकदा फ्रिज बंद केला होता, वहिनींचं दूध नासलं, केवढं हसलो होतो आम्ही. ह्या डबड्याचं तर काय, ह्यांना इंटरनेट कुठं बघायचंय? त्याचं बटण बंद. पण फोनचा आणि त्या बटणाचा काय संबंध? फोनला कुठं लाइट लागते? आधीचा फोन तर लाइट गेली तरी चालायचा. वहिनी अंधारात बसून बोलायच्या—

काय म्हणताय?

ह्याच्यातूनच चालतो? म्हणजे हे बंद तर फोन बंद? मग तिकडं तिला रिंग ऐकू यायची ती? यायची? तिकडं वाजल्यासारखं वाजतं आणि इकडं काहीच नाही?

पण ते तर इथंच बसलेले असायचे. मी बघितलंय. मी रोज बघून सांगितलंय तिला — आहेत गं, फोनपाशीच...

थांबा. थांबा जरा. पाणी नको, काही नको.

ह्यांना एकदा जरी वाटलं असतं रिसिव्हर उचलून बघावं. पण लावणार नाही म्हटलेला माणूस उचलून कशाला बघेल? आणि मी भिंतीपलीकडची, मला कधी फोन लावायची गरज पडली? हाक मारली की काम होतं.

दादा, ऐका माझं. ते आले की सांगू नका. बटणाचं सांगू नका त्यांना. तुम्ही आपलं म्हणा वायर तुटली होती, बाहेर, रस्त्यावर, ऑफिसची चूक. तुम्हाला ऑफिससाठी मोबाइलमध्ये खरं कारण भरायचं असंल तर भरा, तो माणूस कुठं बघणार आहे. पण तोंडानं वायर म्हणा. त्याला आयुष्यभर एकच गोष्ट बरोबर केल्यासारखी वाटते हो, मेन बंद करायचं. त्यानंच पोर गेली हे त्याला कशाला कळायला पाहिजे? होय म्हणा की. भावासारखे आहात तुम्ही. होय म्हणा—

जिन्यात आलेत वाटतं.

...या, अर्जुनराव. मिळालं दूध? अहो, हे दादा सांगतायत — बाहेर वायर तुटली होती म्हणे, रस्त्याला, कधीपासून कुणास ठाऊक. आता जोडली त्यांनी. सांगा की हो दादा. हां. तेच. आपल्या घरात काही बिघाड नव्हताच. त्या दिव्याकडं काय बघताय, हिरवा म्हणजे चांगला. बटण? बटण त्यांनी... ते आधीपासून... त्याला चालूच ठेवतात म्हणे हल्ली. पिशवी द्या इकडं, सांडतंय दूध. द्या माझ्याकडं. बसा ना.

...उचलला? आवाज येतोय ना? तेच तर म्हणते मी, सुरू झालाय. कुणाला लावताय? नंबर सांगू का— तुम्हाला पाठ आहे? कधीपासून? अर्जुनराव, आता नका लावू, ती आता... मी म्हणते राहू द्या आता—

काही नाही दादा. ती बाई बोलतेय तिकडून, हा नंबर अस्तित्वात नाही म्हणणारी. मला इथवर ऐकू येतंय. परत परत तेच म्हणते ती, मग ठेवतात माणसं.

हे ठेवत नाहीत.

तुम्ही निघा आता. डबडं राहू दे. चहाचं नंतर बघू. निघा, आणि दार ओढून घ्या.