कावळ्याला दिलेला शब्द

मी परत दहावीच्या अभ्यासाला कसा लागलो म्हणता? एका कावळ्यामुळे. हसू नका.

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, दशक्रिया विधी होता, बेलापूरला नदीवर. पिंड ठेवला, पण झाडावरचा कावळा काही शिवेना. मामा म्हणाले, "त्याची कायतरी इच्छा राहिली हाय. शब्द दे त्याला."

मी हात जोडले. "दादा, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही.

"तुझी गाडी विकणार न्हाई." कावळ्याने पाठ फिरवली.

"अरं, ऊन लई झालंय," मामा म्हणाले. "खरं काय ते बोल की."

दादा सहा वर्षं एकाच गोष्टीसाठी माझ्या मागे लागला होता. शेवटी मी ओरडलो, "दादा, दहावीला परत बसतो!"

कावळा सरळ पिंडावर.

"झालं," मामा म्हणाले. "आता पन्नास माणसं साक्षीला हायेत."

तेव्हापासून रोज एक कावळा आमच्या पत्र्यावर येऊन बसतो. आई आधी त्याला चपाती घालते, मग मला. परवा गणित सोडून मोबाईल हातात घेतला, तर तो जोरात ओरडला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पाचच मिनिटं!"