ब्लाऊजचं माप

— चहा राहू दे गं, आधी डबी आण. सासूबाई बाजारातून येईपर्यंतच आपलं खरं बोलणं, त्या आल्या की मी शिंपीण! दोन आठवड्यांत तीनदा माप घेतलंय तुझं, शिवला एकही नाही — त्या मला कामचुकार म्हणत असतील. म्हणू देत. एचआयव्हीवाल्यांना घरी भेटायला येणारी बाई म्हणण्यापेक्षा ते बरं, असं तूच म्हणालीस ना?

हं, मोजू. पंधरा. थांब, परत — पंधराच. तीस होत्या, आज पंधरावा दिवस, म्हणजे पंधरा गेल्या, पंधरा उरल्या — असं तुला वाटलं. पण बाई, तुझी गोळी रात्री आठची, आणि आत्ता सकाळचे अकरा. आजची कुठे गेली? — नको, तिकडे बघू नकोस. कुठे टाकल्यास ते मी विचारत नाही, मला सगळ्या जागा पाठ आहेत. मोरी, पिठाचा डबा, कुंडी. एक बाई होती, ती गुलाबाच्या कुंडीत पुरायची, रोज एक, नेमाने. गुलाब काही फुलला नाही, आणि बाई अशी वाळली की तिच्या ब्लाऊजात अजून एक मावली असती. गोळी गिळली की आजार खरा होतो असं वाटायचं मला — तिला. तिला वाटायचं.

हसतेस काय? बरं, मला. झालं समाधान? अकरा वर्षं झाली. संस्थेत कुणाला ठाऊक नाही हे, तिथे मी शहाण्यासारखी भाषणं ठोकते. मला भेटायला यायच्या त्या मास्तरीणबाईंनी कुंडी उकरली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्यापासून मी समोर बसते." तीन महिने बसल्या, स्वेटर विणत. स्वेटर भयंकर झाला, मी मात्र ही अशी जाडजूड.

हे बघ, अशाच टाकत राहिलीस तर अंथरूण धरशील, आणि ते मला बघवणार नाही. उद्या दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, खरं सांगू, त्या काही खात नाहीत. आणि आज आठला मी येते. माझीही गोळी आठचीच असते, पाणी दोघींचं भरून ठेव.

जिना वाजला का? आल्या वाटतं. डबी ठेव, टेप दे, हात वर कर — रडू नकोस गं, माप चुकतं — या काकू, या! हिचं माप पुन्हा चुकलंय बघा, रात्री आठला यावं लागणार मला. हो हो, या वेळी शिवणार. नक्की.