शिकाऊ राखण

नारायणगावच्या एसटी स्थानकात दोन बायका माझ्या पुढे उभ्या होत्या. पुस्तक उघडं ठेवून मी त्यांचंच बोलणं ऐकत होतो.

"मोहिनी, गोठ्यातला कॅमेरा घरच्या कम्प्युटरला जोडला म्हणं?"

"व्हय रत्नाताई. बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारं सॉफ्टवेअर हाय. अजून बाजारात आलं न्हाई, आमाला आधी वापरून बघायला दिलंय."

"मग ओळखतंय का बिबट्या?"

"सासूबाई घोंगडी पांघरून शेण काढायला वाकल्या, तर त्यांनाच बिबट्या म्हणालं."

"अगं बाई. काढून टाक ते."

"गाय आठवड्याभरात व्यायची हाय. वासराला राखण नको? चुकलं की कळवा, असं कंपनीवाले म्हणाले. मग सासूबाई रोज कॅमेऱ्यापुढं वाकून, बसून, घोंगडी घेऊन फिरायच्या आन मी चूक कळवायची."

"सुधारलं का मग?"

"काल त्या वाकल्या तर पडद्यावर 'माणूस' आलं. बिबट्याचा फोटो धरला तवाच भोंगा वाजला."

"म्हातारी लई खूश असंल."

"कुठली खूश? रुसून बसल्यात. पंधरा दिवस आख्खी आळी त्यांना वाघीण म्हणत व्हती, आता नुसत्या 'माणूस' झाल्या."