सी रिकामी होतेय!

…म्हणजे मी काही मुद्दाम ऐकत नव्हते हो! हातात भाजीची पिशवी, जिना चढता चढता दुसऱ्या मजल्यावर जरा टेकले, तर फ्लेव्हियाच्या दाराआडून तिचं फोनवरचं बोलणं अगदी स्पष्ट… "सी पूर्ण भरलीय, आता टिकायची न्हाय. सगळं उचलून नव्या जागी न्यायचं, मग जुनी साफ करून…" आणि तेवढ्यात तिच्या कुकरने शिट्टी मारली! पुढचं वाक्य गेलं शिट्टीत. आता तुम्हीच सांगा, जेसल पार्कातल्या तीस वर्षांच्या बिल्डिंगच्या सी विंगमध्ये राहणाऱ्या बाईने 'सी टिकायची न्हाय' ऐकलं तर तिने काय समजायचं? रिडेव्हलपमेंट! दुसरं काय!

मी फक्त शेजारच्या हेमालीबेनला सांगितलं. फक्त! तेही हळू आवाजात. तर दहा मिनिटांत ती "हाय हाय रसिकाबेन, हवे तमे क्यां जशो?", म्हणजे आता कुठं जाणार, करत आमच्या चेअरमनना, जयकुमारभाईंना घेऊन हजर. ते लालबुंद. "कौन बोला सी विंग गिरनेवाली है? मेरे को पूछे बिना?" मी फ्लेव्हियाच्या दाराकडे बोट दाखवलं. काय करणार, खोटं थोडंच बोलणार?

दार उघडलं आणि तुम्हाला सांगते… ही छप्पन्न वर्षांची बाई, अंगात गाऊन, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि कॉम्प्युटरचा डबा पार उघडून ठेवलेला! आमचं ऐकून इतकी हसली, इतकी हसली की भिंतीला टेकली. "अगं रसिका, सी म्हणजे कॉम्प्युटरची सी! आतली हार्ड डिस्क मरायला टेकलीय. हे बघ, ऐक." ऐकलं. खरंच हो, थंडीत दात वाजावेत तशी कटकटत होती बिचारी.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फ्लेव्हिया मशीनवर भरतकाम करते ना, अठरा वर्षांची डिझाइनं त्या एका डिस्कवर, आणि रविवारी उत्तनला लग्न, नवरीच्या डोक्यावरचा जाळीचा व्हेल अर्धा भरून मशीनवर तसाच! मी म्हटलं, "मग नवी डिस्क घे, नवीन विंडोज टाक की." भाच्याकडून ऐकलेलं, दिलं ठोकून. तर म्हणाली, "न्हाय चालणार. भरतकामाचं सॉफ्टवेअर जुनं, देणारा केव्हाच दुकान बंद करून गेला, सीडीवर नुसते चरे. विंडोजसकट सगळं जसंच्या तसं उचलायचं." जसंच्या तसं! म्हणजे बघा, घर बदलायचं पण चमच्यांची जागासुद्धा हलू द्यायची नाही. केबिन रोडचा कॉम्प्युटरवाला म्हणाला आठ दिवस ठेवून जा, तर हिने व्हिडिओ बघितले, वहीत लिहून काढलं, नवी डिस्क आणली, आणि घेतलं स्वतःच करायला. काय बाई आहे हो!

स्क्रीनवर दोन डिस्क, एकीवरून दुसरीवर न्यायचं. जयकुमारभाई घाईचे. "दबाओ ना ओके, इतना क्या देखना?" तिने त्यांचा हात वरच्या वर धरला! "भाई, उलटा हो गया ना, तो खालीवाली भरी हुई पे चढ़ जाएगी. अठरा साल साफ!" मग माझ्याकडे वळली. "रसिका, स्क्रीनवर जुनी कुठली ते जुळवायचंय, जुन्या डिस्कच्या स्टिकरवरचे शेवटचे चार आकडे वाच." मी! सातवी शिकलेली! हात पुसले, डोळे बारीक केले, वाचलं… सात, शून्य, तीन, नऊ. "परत वाच." परत वाचलं. तिसऱ्यांदा हेमालीबेनकडून वाचून घेतलं, मग छातीवर क्रुसाची खूण केली आणि दाबलं. काय बाई आहे हो!

एक टक्का… पाच टक्के… एकसष्टवर अडकलं. पंधरा मिनिटं झाली, हलेचना! जयकुमारभाई देवाचं नाव घेतायत, आणि ही? "दमलीय ती, वाचू दे तिला सावकाश," म्हणाली आणि गेली डाळ फोडणीला टाकायला! आणि खरंच, फोडणी तडतडली तेव्हा बासष्ट झाले होते.

शंभर झाले. जुनी काढली, नवी लावली, बटण दाबलं. काळा पडदा. आणि मग… तिच्या नातीचा फोटो! तोच पसारा, तीच मोराची डिझाइनं, त्या अर्ध्या राहिलेल्या व्हेलची नक्षी, आणि 'अँटिव्हायरस संपला आहे' अशी रोज वैताग आणणारी पाटीसुद्धा, जसंच्या तसं! जयकुमारभाईंनी टाळ्या वाजवल्या हो!

"मतलब सी विंग से कोई नहीं जा रहा ना?" त्यांनी खात्री करून घेतली. फ्लेव्हियाने चष्मा काढून गाऊनला पुसला. मग हळूच म्हणाली, "सगळे न्हाय… मी जाते. हाटकेशला गाळा मिळालाय. राहायला इथंच, पण सोमवारपासून मशीन, कॉम्प्युटर सगळं तिकडं. म्हणून तर आधी हे जिवंत करायचं होतं."

बघा! म्हणजे मी ऐकलं ते अगदीच काही खोटं नव्हतं! सी रिकामी होतेय, फक्त एका घरापुरती, आणि तीही सकाळी आठ ते रात्री आठ. मी तिला मिठी मारली, डोळे पुसले. "तू पण चल की," म्हणाली, "आकडे वाचायला." जावंसं वाटलं हो, खरंच… पण कसं जमणार? दिवसभर सी विंगमध्ये कोण आलं, कोण गेलं, हे बघायला आम्ही दोघी होतो. आता सगळं माझ्या एकटीच्या अंगावर!