निघालं ते पोचलं का?

मंडळी, ऐका. पुढं बसलेल्यांनी ऐका आणि मागं खांबाला टेकलेल्यांनीही ऐका. खांबाला पाठ लागली की कान मिटतात, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

आजचा प्रश्न साधा आहे. सेवा करणाऱ्यानं आपली सेवा मोजावी का?

माना हलल्या — नाही, नाही, सेवेत कसलं मोजमाप! ऐकायला फार गोड. पण 'सेवा मोजू नये' असं सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणतं, ठाऊक आहे? ज्याची मोजली तर कमी भरेल, तो. तेव्हा मोजावी. ज्यानं आयुष्यात वजनकाट्यावर पाय ठेवला नाही, त्याला आपण सडपातळच आहोत असं वाटत राहतं. — तिकडं कोण हसलं, ते मी बघितलेलं नाही.

बरं, मोजावी हे ठरलं. पण मोजायची कुठं? आपल्या हातातून सुटली तिथं, की समोरच्याच्या हातात पडली तिथं? इथं भले भले चुकतात. यासाठी आज आख्यान लावलंय ते राजाचं नाही, ऋषीचंही नाही. ते आहे इंदुमती थोरवत नावाच्या बाईचं.

इंदूताई आधी सूतगिरणीत टाइमकीपर होत्या. कामगार कधी आला, कधी गेला, ते बघायचं. गिरणी बंद पडली. ताईंनी चौदा बायका जमवल्या, एक जुनी शेड भाड्यानं घेतली आणि जेवणाचे डबे सुरू केले. पुढं गावातल्या मोठ्या दवाखान्याचं काम मिळालं. दाखल असलेल्या पेशंटांना दुपारचं जेवण द्यायचं. चौदा घरांच्या चुली त्या एका कामावर पेटत होत्या.

स्वयंपाक उत्तम. डबा मात्र कधी साडेबाराला जायचा, कधी एकला, कधी दीडला. एक दिवस दवाखान्याचे मोठे डॉक्टर निंबर्गी यांनी ताईंना बोलावलं. फार सभ्य माणूस. आवाज कधी चढवत नाहीत. ज्याला ऐकायचंय त्यानंच पुढं वाकायचं.

"बाई, तुमची भाजी चांगली आहे. पण ती कधी येणार, हे आम्हाला माहीत नसतं. असं चाललं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

ताई शेडमध्ये परतल्या. बायकांना जमवून म्हणाल्या, "आजपासून 'लवकर करा, लवकर करा' असं कुणीही ओरडायचं नाही. लवकर म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नसतं. आपण एक आकडा धरू. बाराच्या ठोक्याला टेम्पो फाटकाबाहेर. गेला की फळ्यावर बरोबरची खूण. नाही गेला की फुली."

बघा मंडळी, यात काय चुकलं? काहीच नाही. ध्येय आहे, ते मोजता येतं, भिंतीवर सगळ्यांना दिसतं. आणखी एक केलं — टेम्पो फाटकाबाहेर पडला की दवाखान्यात फोन करायचा. का? तर साखरेच्या पेशंटांना जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन देतात. ते दिलं की थोड्या वेळात अन्न पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर साखर उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडतो. (साखरवाल्यांनी हात वर करा असं मी म्हणत नाही. प्रसादाच्या वेळी कळेलच.) तर फोन आला की सिस्टरनं इंजेक्शन द्यायचं, तोवर टेम्पो दारात.

पहिल्या आठवड्यात सगळ्या फुल्या. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिली खूण. मग रोज खूणच, फुली दिसेनाशी झाली. इंदूताई रोज अकराला उद्याच्या भाजीपाल्यासाठी बाजारात जायच्या आणि परत आल्या की आधी फळ्याकडं बघायच्या. गिरणी गेल्यापासून ही बाई अशी हसली नव्हती. महिला मंडळानं सत्कार केला, ताईंनी भाषण केलं — 'वेळ पाळली की देव पावतो.' टाळ्या पडल्या.

आता याच वेळी हौसाक्काच्या घरात काय झालं, ते बघा. हौसाक्का म्हणजे शेडमधली भाकऱ्यांची मुख्य. तिचा नवरा सदाशिव, पायाच्या जखमेनं त्याच दवाखान्यात दाखल झाला. साखरेचं दुखणं जुनं. हौसाक्का सकाळी नवऱ्याला बघायची आणि कामावर यायची.

एका दुपारी ताई बँकेच्या कामाला गेल्या होत्या. फळ्यावर खूण आजही पडणार, याची खात्री होती. काम लवकर झालं. म्हणाल्या, सदाभाऊंना बघून यावं, आत्ता जेवतच असतील. वॉर्डात गेल्या.

सदाशिव जेवत नव्हता. खाटेवर पडला होता. अंगातला सदरा घामानं भिजलेला, हात थरथरतोय, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नाहीत. सिस्टर एका हातानं त्याचं डोकं धरून दुसऱ्या हातानं साखरेचं पाणी पाजत होती.

"काय झालं यांना?"

"साखर उतरली. इंजेक्शन दिलं, जेवण आलं नाही."

"आलं नाही कसं? बाराला टेम्पो निघतो. तुम्हाला फोन येतो."

"फोन येतो," सिस्टर म्हणाली. "रोज बाराला येतो. टेम्पो कधी येतो ते तुम्हीच सांगा. ऑफिसात सांगितलं, तर ते म्हणतात, फोन तर बाराला येतो. मी आता फोनवर भरवसा ठेवत नाही. आज नवी मुलगी ड्युटीवर होती, तिनं ठेवला."

ताई खाटेजवळ उभ्याच राहिल्या. सदाशिवच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं, ते पदरानं पुसलं. बऱ्याच वेळानं त्याचे डोळे ठिकाणावर आले. ताईंना बघून तो म्हणाला, "ताई, डबा आला?"

त्या बाईला त्या क्षणी काय झालं असेल? मी सांगत बसत नाही. ज्यानं कुणाला उपाशी ठेवलंय आणि त्याच माणसानं त्याला हाक मारलीय, त्याला ठाऊक आहे.

ताई रिक्षानं शेडकडं निघाल्या. शेडच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीच्या वळणावर त्यांचाच टेम्पो उभा. ड्रायव्हर रमजानभाई मागचं दार उघडून बसलेला. आणि शेडच्या मागच्या बोळातून बायका डोक्यावर डब्यांची घमेली घेऊन एकामागून एक येतायत, टेम्पोत भरतायत. सगळ्यात पुढं हौसाक्का.

ध्यानात आलं का? बाराच्या ठोक्याला टेम्पो फाटकाबाहेर पडायचा. रिकामा, नाहीतर अर्धा. खूण व्हायची, फोन जायचा. मग वळणावर उभा राहायचा आणि उरलेला स्वयंपाक होईल तसा डोक्यावरून यायचा. म्हणजे ध्येय पुरं झालं आणि जेवण पूर्वीपेक्षाही उशिरा पोचायला लागलं, कारण आता त्यात डोक्यावरची वाहतूक वाढली. खोटं कुणी बोललं नाही. टेम्पो निघायचा, हे शंभर टक्के खरं.

रिक्षा थांबली. बायका जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

ताईंनी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

रमजानभाई म्हणाला, "पहिली खूण पडली त्या दिवसापासून, ताई. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांना पेढा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली द्यायला कुणाचा हात धजंना."

हौसाक्का म्हणाली, "तुमचं त्वांड बगितलं की सांगवंनाच. वाटायचं, दोन-चार दिसांत बसंल घडी. मग तुमचा सत्कार झाला. मग तर तोंडच शिवल्यागत झालं."

ताई म्हणाल्या, "हौसाक्का, डबे रमजानभाईंकडं दे आणि याच रिक्षानं दवाखान्यात जा. सदाभाऊंची साखर उतरली होती. आता बरे आहेत. जेवणाआधी इंजेक्शन मिळालं त्यांना. फोन वेळेवर गेला होता."

हौसाक्कानं घमेलं खाली ठेवलं नाही, ती ते तसंच हातात धरून रिक्षात बसली. नवऱ्याचा डबा तिनं स्वतः नेला.

राग कुणावर काढायचा? बायकांवर? त्यांनी ताईंना जे हवं होतं तेच दिलं. ताईंना खूण हवी होती. पेशंट जेवला का, असं त्यांनी फळ्याला विचारलं नव्हतं आणि बायकांनाही नाही. त्या संध्याकाळी ताईंनी फळा ओल्या फडक्यानं पुसला.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नवा आकडा. साखरेच्या किती पेशंटांच्या तोंडात वेळेत घास गेला, तेवढंच मोजायचं. फोन टेम्पो दवाखान्याच्या दारात लागल्यावर करायचा. आणि मोजायला रोज आपल्यातली एक बाई वॉर्डात जाऊन बसणार."

रमजानभाईनं विचारलं, "डबा खाटेशेजारी ठेवला, तर चालंल का धरायला?"

"नाही. घास तोंडात गेला की धरायचा."

मंडळी, पहिल्या आठवड्याचा आकडा आला, निम्म्याहून कमी. तो आकडा घेऊन ताई स्वतः डॉक्टर निंबर्गींकडं गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पोचं वळणही सांगितलं, सदाशिवचंही.

डॉक्टरांनी तो आकडा वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, "हे ऐकून मी तुमचं काम आजच काढून घेऊ शकतो, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे. घ्या. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा तो कधी निघतो हे मोजू नका. पेशंट कधी जेवतो ते मोजा. आणि डॉक्टर, आमचा टेम्पो दारात लागल्यावरही डबे लिफ्टसाठी ताटकळतात. तो उशीर आमचा नाही. पण पेशंटला कुणाचा उशीर आहे, यानं फरक पडत नाही."

डॉक्टर उठले. पायऱ्या उतरून खाली गेले, लिफ्टपाशी उभे राहिले. लिफ्ट आली, तिच्यातून चादरींचे गठ्ठे निघाले, पुन्हा गठ्ठे चढले. डब्यांच्या ट्रॉलीशेजारी तो मोठा माणूस मुकाट उभा. तिसऱ्या फेरीला त्यांनी लिफ्टमनला नाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळेला लिफ्टमध्ये चादरी बंद झाल्या. ताईंचं काम राहिलं.

मग आकडा चढला का? चढला, पण रांगत. साखरवाल्यांचे डबे आधी भरायला लागले, म्हणून सकाळी भाकऱ्यांची भट्टी आधी पेटवावी लागली. मोजायला गेलेली एक बाई परत येऊन म्हणाली, "कोपऱ्यातल्या आज्जीला दातच न्हाईत. ती भाकरी बघत बसती." आज्जीला दुसऱ्या दिवसापासून मऊ भात. फाटकापाशी बसून हे कधी कळलं असतं? एकदा लिफ्ट बिघडली, आकडा घसरला. तो घसरलेलाच लिहिला. त्या दिवशी पेढे आणायचं कुणी सुचवलं नाही.

पुढं एक पाहुणे शेड बघायला आले. फळा बघून म्हणाले, "ताई, अठ्ठावीसातले सव्वीस. दोन कमी कशाला लिहिता भिंतीवर? लोक काय म्हणतील?"

ताई म्हणाल्या, "ते दोन कमी नाहीत, साहेब. ती दोन माणसं आहेत. एकाचं नाव मारुती, एकीचं नाव जनाबाई. आज ती उशिरा जेवली."

मंडळी, आख्यान इथं संपलं. आता तुमच्याकडं येतो. सावरून बसू नका, मी सगळ्यांकडं येणार आहे.

तुम्ही मला सांगता, महाराज, वीस वर्षं रोज माळ ओढतो. उत्तम. देवाकडं निघालं. रोज पूजा, दर एकादशीला उपास, दरवर्षी या सप्ताहाला पंगत. निघालं, निघालं, निघालं. भिंतीवर खुणाच खुणा. पण घरातल्या सुनेपर्यंत त्यातलं काय पोचलं? आजारी भावापर्यंत? ज्याच्याशी बांधावरून बोलणं टाकलंय, त्याच्यापर्यंत? आणि माझंही ऐका. मी दोन तास बोललो, हे माझं निघालं. त्यातलं पोचलं किती, ते मला इथं उभं राहून कळत नाही. ते तुमच्या घरच्यांना कळेल.

म्हणून आज आरतीला हात जोडण्याआधी एकच काम सांगतो. घरी गेल्यावर ज्याच्यासाठी तुम्ही जन्मभर राबताय असं म्हणता, त्या माणसापुढं बसा आणि विचारा — माझ्याकडून तुझ्यापर्यंत काय पोचलं? मग गप्प राहा. तो जे सांगेल ते कमी भरेल. भरू द्या. 'मी तर पाठवलं होतं' असं म्हणू नका.