नेव्हची पगारवाढ

...आणि वर मलाच विचारते, "ट्रिक्सी टकवेल या मयतांच्या कोण लागत होत्या?"

आता काय सांगू तिला? फंडाच्या ऑफिसला लावलेला फोन कानाला धरून पाऊण तास झालेला, त्यातली चाळीस मिनिटं ती पिपाणी वाजतेय, मध्येच एक बाई लाडंलाडं सांगतेय की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि एवढं करून शेवटी लायनीवर जिवंत माणूस आलं तर ते ट्रिक्सीची चौकशी करतंय. म्हटलं, "बाई गं, ट्रिक्सी म्हणजे कुत्री." तर ती हळूच म्हणते, "तुमच्या भावना मी समजू शकते, मिसेस टकवेल, पण नातं काय होतं?" तिला वाटलं, मी सवतीला शिव्या घालतेय. अहो, खरीच कुत्री हो. चार पायांची, मेंढ्या वळणारी जात, एक कान पडलेला. जाऊनसुद्धा पंचवीस वर्षं झाली तिला.

झालं होतं असं की ब्याण्णव साली सरकारनं कायदा काढला, प्रत्येक मालकानं कामगाराच्या नावानं म्हातारपणासाठी फंडात पैसे भरायचेच. सक्ती. आणि ते पैसे साठीपर्यंत कुणी काढायचे नाहीत. त्यालाही सक्ती. तर त्या फंडाच्या फॉर्मावर एक ओळ होती, तुमच्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे. आमचा नेव्ह तेव्हा बत्तिशीतला घोडा, त्याला कुठलं आलंय पश्चात? त्यातून त्या आठवड्यात आमचं वाजलेलं, त्याच्या आईवरून, तपशील विचारू नका. तर या शहाण्यानं लिहून दिलं, ट्रिक्सी टकवेल. नातं? अवलंबून. आणि घरी येऊन मलाच सांगतोय, "मला बघून शेपूट हलवणारी घरात ती एकटीच आहे, रेलीन." मीही हसले तेव्हा. बत्तीस वर्षांनी ते निस्तरायला एकटी बसेन, हे काय माहीत?

तर ही फंडातली मुलगी म्हणते, "काळजी करू नका, थोडी कागदपत्रं लागतील, पण पैसे तुमचेच आहेत."

पैसे तुमचेच आहेत. तुम्हाला सांगते, या एका वाक्यानं माझा संसार खाल्ला.

नेव्ह कामाला कुठे, तर आमच्या बेंडिगो शहराबाहेरच्या कत्तलखान्यात. हाडावरून मांस उतरवायचं काम. थंडगार खोली, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, उजव्या हातात सुरी, आणि समोरून खांदे, मांड्या येतच राहायच्या. दिवसाला हजारो वार करायचे, तेही सगळे त्याच मनगटानं. आमचा मालक रॉस. मालक म्हणायचं नाही बरं का, साहेब म्हणायचं नाही, नुसतं रॉस म्हणायचं, तो स्वतः सांगायचा, "आपण सगळे एकच टीम." नाव घ्यायची मुभा होती, पगार मागायची तेवढी नव्हती.

आणि या रॉसची एक रीत होती. पगाराच्या बोलण्यांचा दिवस आला की आवारात शेगडी पेटायची. रॉस स्वतः एप्रन बांधून सॉसेज परतायचा, वर कांदा, पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून प्रत्येकाच्या हातात द्यायचा, नाव घेऊन द्यायचा, "नेव्ह, तुला कांदा जास्त ना?" आता मला सांगा, मालक आपल्या हातानं कांदा परततोय म्हटल्यावर कळायला नको का माणसाला? तर नाही. ही सगळी दांडगी माणसं, तोंडात घास, सॉस हनुवटीवर, आणि तेवढ्यात हा चिमटा हातात घेऊन भाषण सुरू करायचा. "मंडळी, सरकारनं फंडाची टक्केवारी वाढवलीय. म्हणजे या वर्षी वाढ मिळालेली आहे, फक्त ती फंडात मिळालीय. हातात नाही पडणार, पण पैसे तुमचेच आहेत." घास तोंडात असताना माणूस भांडणार कसा?

नेव्ह घरी यायचा. मी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असायची. "मिळाली का वाढ?" "मिळाली." "किती?" "चांगली मिळाली." "कुठाय?" "फंडात." मी म्हणायची, "आणि पोरीचे बूट? ते पण फंडातून येणार का?" तर हा म्हणायचा, "असं काय करतेस? म्हातारपणी बसून खाऊ की." तीन टक्क्यांचे चार झाले, चाराचे सहा, सहाचे नऊ, दर खेपेला सॉसेज. रॉस म्हणायचा, हे मी वरून देतो. वरून म्हणजे कुठून हो? आभाळातून? जे हातात यायचं तेच वळवून तिकडे टाकायचं आणि वर उपकाराचा कांदा.

बरं, फंड वाईट असं मी म्हणत नाही. मला माहितीय, हातात आले असते तर काही बुटांत गेले असते, काही बिअरमध्ये. पण घर गेलं नसतं हो.

घराचं सांगायचं राहिलंच. ईगलहॉकला आमचं लाकडी घर होतं, तीन खोल्या, मागे लिंबाचं झाड, बँकेच्या कर्जावर घेतलेलं. मग तो मोठा दुष्काळ पडला. चारा नाही म्हणून जनावरं नाहीत, जनावरं नाहीत म्हणून काम आठवड्याला तीनच दिवस, आणि नेमकं तेव्हाच बँकेचं व्याज टणाटण वर. नाकी नऊ आले. आठ महिने, फक्त आठ महिन्यांचे हप्ते निघाले असते तर तरलो असतो. आणि इकडे फंडाचं पत्र दर सहा महिन्यांनी, जाड कागदावर, रंगीत, बघा तुमचे पैसे किती वाढले. नेव्ह त्या वेळी अठ्ठेचाळीसचा. आम्ही दोघं गेलो की त्यांच्या कचेरीत, चांगले कपडे घालून. म्हटलं, आमच्यातलेच थोडे द्या, घर वाचेल. तिथला पोरगा सभ्य होता, पाणी दिलं. म्हणतो, "साठी होईपर्यंत देता येत नाहीत. अगदीच अडचण असेल तर एक सोय आहे, पण त्यासाठी सव्वीस आठवडे सलग बेकार भत्त्यावर असायला लागतं." नेव्ह म्हणाला, "मला तीन दिवस काम आहे." "मग तुम्ही बसत नाही त्यात." म्हणजे पुरता बुडालेला असला तर दोर टाकणार, नाकापर्यंत पाणी असलेल्याला नाही. नेव्ह म्हणाला, "मग सोडू का काम?" तो पोरगा घाबरलाच. "नाही नाही, असा सल्ला मी देऊ शकत नाही. पण धीर धरा सर, पैसे तुमचेच आहेत."

घर विकलं. बँकेचं देऊन जे उरलं ते सामान हलवायला आणि भाड्याच्या अनामतीला गेलं. तेव्हापासून भाड्याच्या घरात. दर वर्षी भाडं वाढतं, आणि ते मात्र फंडात वाढत नाही, ते हातातूनच द्यावं लागतं. मला त्या दिवशी राग आला नाही. मी स्वयंपाकघराच्या रिकाम्या कपाटात अंथरलेले जुने कागद काढत बसले आणि खूप रडले. नेव्हनं बाहेर जाऊन झाडावरची सगळी लिंबं काढली. हिरवीसुद्धा.

मग आलं ते शिबिर. नेव्ह बासष्टचा झाला होता. हाताची बोटं आखडलेली, सकाळी शर्टाची बटणं मी लावायची. एवढा आडदांड माणूस, हनुवटी वर करून शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा माझ्यासमोर. मला एवढंच हवं होतं की यानं आता थांबावं. बास. माझं म्हणाल तर मी शाळेच्या कँटीनमध्ये दिवसाला चार तास, माझा फंड म्हणजे चिमणीचं घरटं. तर फंडाकडून आमंत्रण आलं, निवृत्तीचं मोफत मार्गदर्शन, क्लबच्या हॉलमध्ये, सँडविच आणि चहा. नेव्ह म्हणाला, "सॉसेज नाही ना? मग जाऊ."

पडद्यावर एक जोडपं. दोघांचे केस पांढरेशुभ्र, दात त्याहून पांढरे, बोटीवर बसून हसतायत. तो बोलणारा विचारतो, "तुमच्या मनातली निवृत्ती कशी आहे?" नेव्ह माझ्या कानात म्हणतो, "मला बोट लागते गं." हसूच आवरेना. आणि पुढून तिसऱ्या रांगेत एक हात वर. कोण? रॉस! कारखाना विकून साठीतच मोकळा झालेला. उभा राहून विचारतो, "माझ्या फंडात जरा जास्तच झालेत, आता कर न लागता आणखी कुठं ठेवता येतील?" आणि त्याच्या प्रश्नाला पंचवीस मिनिटं, तुम्हाला सांगते, पंचवीस मिनिटं उत्तर दिलं त्या माणसानं. फळ्यावर चित्रं काढून. हॉलमध्ये सगळे आमच्याच वयाचे, सगळ्यांना एकच कायदा, आणि एकाला प्रश्न पडलाय की ठेवू कुठं, दुसऱ्याला पडलाय की थांबू का.

आमच्या वाट्याला दोन मिनिटं आली. नेव्हनं विचारलं, "मी आता थांबलो तर?" त्यानं आकडे टाकले. "घर स्वतःचं?" "नाही." "ओह," म्हणाला. एवढंच. ओह. मग समजावलं, सरकारी पेन्शन सदुसष्टला, तोवर फंडातून भाडं भरलं तर सदुसष्टपर्यंत फंड जवळजवळ संपतो, आणि मग नुसत्या पेन्शनीत भाडं भागत नाही. घर असतं तर तीच पेन्शन पुरली असती. "पाच वर्षं अजून काढलीत तर फार बरं. हात लावू नका इतक्यात. पैसे तुमचेच आहेत."

चहाच्या वेळी रॉस आला, नेव्हच्या पाठीवर थाप मारली. म्हणतो, "नशीबवान आहात तुम्ही. तुम्हाला सरकारी पेन्शन तरी मिळणार. माझ्याकडे जास्त आहे म्हणून मला एक डॉलर देत नाहीत. आयुष्यभर कर भरला, हा काय न्याय झाला?" मनापासून बोलत होता हो, डोळ्यांत दुःख होतं त्याच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कप खाली ठेवला, तोंड उघडणार, तेवढ्यात नेव्ह म्हणतो, "वाईट वाटलं रॉस. सँडविच घे."

गाडीत मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, "बोलत का नाहीस? त्याच्या फंडावर जो कर माफ होतोय तो कुणाच्या खिशातून?" नेव्ह म्हणाला, "अगं, पाच वर्षं तर आहेत. अशी निघून जातील." आणि दुसऱ्या दिवशी हनुवटी वर करून माझ्यासमोर उभा राहिला, मी बटणं लावली.

दोन वर्षं आणि चार महिने काढले त्यानं. मंगळवार होता. पाळी संपवून कपडे बदलायच्या खोलीत बसला होता, एक बूट पायात, दुसरा हातात. सगळ्यांना वाटलं, दमलाय, बसू दे थोडा वेळ. वीस मिनिटं बसू दिलं बिचाऱ्यांनी. मी अजूनही विचार करते त्या वीस मिनिटांचा. कुणाची चूक नाही, डॉक्टरही म्हणाले काही फरक पडला नसता, पण मी विचार करतेच.

रॉस आला होता चर्चमध्ये. काळा कोट, डोळे लाल. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "त्यानं तुझी सोय करून ठेवलीय, रेलीन." या माणसाला आजही वाटतं की त्यानं आम्हाला काहीतरी दिलं.

हां, तर ट्रिक्सी. ती कुत्रीच होती हे सिद्ध करायला मला नगरपालिकेत जावं लागलं. ब्याण्णव सालची कुत्र्याची नोंद! तिथल्या बाईनं तीन आठवडे लावले, पण काढलं तळघरातून कुठूनतरी. मालक नेव्हिल टकवेल, मादी, रंग तपकिरी. तो कागद धाडला, लग्नाचा दाखला धाडला, मृत्यूचा दाखला धाडला. फंडातल्या मुलीनं उलटा फोन केला, म्हणते, "मी आमच्या सगळ्या ऑफिसला दाखवला, सगळे इतके हसले." मग थांबून म्हणाली, "माझे बाबा पण कत्तलखान्यातच आहेत." या वेळी पिपाणी वाजत नव्हती.

परवा गुरुवारी पैसे आले. सगळे. मी बँकेच्या यंत्रासमोर उभी आणि त्या चिठ्ठीवर बत्तीस वर्षांच्या पगारवाढी एका ओळीत. घरी आले, चहा टाकला, दोन कप काढले, एक परत ठेवला. संध्याकाळी तिचा फोन, त्याच मुलीचा. "मिसेस टकवेल, जमा झाले ना? आता काही बंधन नाही, हवे तसे खर्च करा. नाहीतर तुमच्या नावानं परत फंडात ठेवता येतील. काय करायचं?"

लग्नानंतर पहिल्यांदा नेव्हचा पूर्ण पगार हातात पडला होता. घर घ्यायला पुरत नाही, आणि खर्च करायला बरोबर माणूस नाही.

म्हटलं, "ठेव बाई फंडातच."