फौजींपुढचा आकडा

सांगली स्टँडवर साताऱ्याच्या गाडीसाठी रांग लागली होती. मधुकररावांच्या पुढे साखर कारखान्याचा नवा संगणकवाला निमिष होता आणि त्याला गाठून उभी राहिलेली शेतकरीण संयोगिता.

“आवं, माझ्या उसाला तोड कवा?”

“वहिनी, नव्याण्णव साली दाखवतंय.”

“आत्ता कुटं सत्त्याण्णव हाय! मालकांची फौजेतली सुट्टी आठ दिवसांत सपतीया.”

“कोबोल या जुन्या संगणक-भाषेतली नोंद विंडोजवर घेतली, तर अशी चाळीस नावं निघाली. ही बघा यादी.”

“ही समदी मिल्ट्रीवाल्यांचीच घरं हायती की!”

“त्याचा काय संबंध?”

“मला काय ठावं?”

मधुकरराव खाकरले. “ते साल नाही हो. जुना प्रोग्राम माझा. सुट्टीतच तोड उरकावी, म्हणून फौजींच्या नावापुढे मी नव्याण्णव घालायचो. ती खूण दिसली की त्यांची तोड आधी.”

“हे लिहिलंय कुठं?” निमिषनं विचारलं.

गाडी लागली. मधुकरराव जागचे हलले नाहीत.

“लिहायला हवं होतं, नाही?”